कॉट बेसिसवर एक गाव

खेड्यातलं पोरगं शिकायला शहरात गेलं की एकटं पडतं, असं आपण मराठी कथा-कादंबऱ्यांतून पिढ्यानपिढ्या वाचत आलोय. एसटीच्या खिडकीतून मागं पळणारी झाडं, फाट्यावर पदर तोंडाला लावून उभी असलेली आई, आणि पुढच्या प्रकरणात मिणमिणत्या दिव्याखाली गावाच्या आठवणीनं व्याकूळ झालेला नायक. मला या नायकाचा कायम हेवा वाटत आलाय. गावाची आठवण यायची तर गाव आधी लांब राहावं लागतं. मी बार्शी तालुक्यातून पुण्याला एम.ए. करायला गेलो आणि माझ्यामागोमाग, हप्त्याहप्त्यानं, सगळं गाव आलं.

त्याची पहिली सूचना पारावरच मिळाली होती. "आपल्या जिल्ह्याला इद्यापीठ असताना हे पुण्याला कशाला निघालंय?" असा प्रश्न निघाला. प्रश्न रास्त होता. आमचा जिल्हा आधी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाकडं होता. 2004 साली सोलापूरला स्वतःचं विद्यापीठ मिळालं, आणि तेही एकट्या एका जिल्ह्यासाठी. इतकं घरगुती विद्यापीठ सोडून जायचं म्हणजे कारण तसंच तोलामोलाचं हवं. पुण्याचं विद्यापीठ 1949 सालचं आहे, तिथलं जयकर ग्रंथालय मोठं आहे, असं मी सांगू लागलो. ग्रंथालयाचं नाव निघताच पारावरच्या दोघांनी जांभया दिल्या. शेवटी तात्या बोलले. तात्या माझे चुलते, म्हणजे आजोबांच्या चुलतभावाचे थोरले चिरंजीव. ते म्हणाले, "सोलापुरात आपली पै-पाव्हणी चिक्कार हायती. पुण्यात कोण हाय आपलं? दर खेपंला कुणाच्या तरी दारात उभं ऱ्हायचं. जाऊ द्या पोराला. एक माणूस पायजेच तिथं."

ठराव एकमतानं मंजूर झाला. अर्थशास्त्र या विषयावर कुणी अवाक्षर काढलं नाही. पुढं गावभर सांगितलं गेलं ते असं, की पोरगं पुण्यात एमपीएस्सी करतंय. पुण्याला गेलेलं पोरगं दुसरंही काही करत असेल, हे आमच्या भागात कुणाला पटत नाही.

मग कागदं सुरू झाली. टी.सी., उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रीमी लेयर, आणि एका विद्यापीठातून दुसऱ्यात उडी मारायची म्हणून मायग्रेशन सर्टिफिकेट. शिवाय प्रत्येकाच्या झेरॉक्सवर राजपत्रित अधिकाऱ्याची सही. आपणच सही ठोकून 'खरी प्रत' म्हणायची सोय तेव्हा व्हायची होती. आमच्या पंचक्रोशीत राजपत्रित अधिकारी एकच, ते म्हणजे जनावरांचे डॉक्टर. त्यामुळं आमच्याकडच्या सगळ्या शिकल्या-सवरल्या माणसांचं शिक्षण गुरांच्या दवाखान्याच्या शिक्क्यानं पुढं सरकलेलं आहे. खोड्यात एक म्हैस आणि तिच्यामागं मी, असा नंबर लागला. डॉक्टरांनी म्हैस तपासली, हात धुतले आणि त्याच बैठकीत माझी गुणपत्रिका साक्षांकित केली. पुढं पुण्यातल्या एका कचेरीत कारकुनानं तो शिक्का चष्म्यावरून वाचला. 'पशुवैद्यकीय दवाखाना, श्रेणी 1.' मग माझ्याकडं पाहिलं. मग पुन्हा शिक्क्याकडं. "ठीक दिसतंय," ते म्हणाले. कागद ठीक दिसतोय की मी, हे त्यांनी स्पष्ट केलं नाही आणि मीही विचारलं नाही.

परगावी शिकायला निघालेल्याच्या वाटेत कागद आडवा येणं हे तसं जुनंच आहे. महर्षी कर्वे पोरवयात परीक्षेसाठी कोकणातल्या मुरुडहून घाट चढून पायी साताऱ्याला गेले, तर तिथल्या कमिटीनं त्यांना सांगितलं की तू वयानं लहान दिसतोस, तुला बसता येणार नाही. हा माणूस पुढं 104 वर्षं जगला. वयाबद्दल शंका घेणाऱ्या कमिटीला याहून सणसणीत उत्तर देता येत नाही.

आमचं अंतर साधारण 200 किलोमीटरचं आणि पायाला तोशीस नव्हती. एसटी होती. राज्यातली पहिली एसटी 1948च्या 1 जूनला पुणे-नगर मार्गावर धावली, आणि जूनमध्ये पोत्यासकट पोरं पुण्यात आणून सोडायचं व्रत तिनं तेव्हापासून सोडलेलं नाही. माझ्याबरोबर ज्वारीचं पोतं होतं. मेस लावायची आहे, ज्वारीचं काय करू, असं मी अण्णांना विचारलं होतं. "आसू दे," अण्णा म्हणाले. घरातून माणूस बाहेर पडताना त्याच्यासोबत धान्य असावं, यापलीकडं त्यांच्याकडं उत्तर नव्हतं आणि त्यांच्या मते प्रश्नही नव्हता. मला सोडायला अण्णा, मामा, तात्या आणि 'पुण्याला जाताच आहात तर' म्हणून निघालेले आणखी तिघं असे आले होते. भिगवणजवळ उजनीचा फुगवटा दिसतो. तिथं दर हिवाळ्यात रोहित पक्षी थव्याथव्यानं येऊन उतरतात, त्यांना मायग्रेशन सर्टिफिकेट कुणी मागत नाही, हे तिथून जाताना मनात आलंच.

उजनीवरून आठवलं. "पुण्याचं पाणी पोराला बाधंल" ही आईची काळजी होती, आणि ती अगदीच अनाठायी होती. मुळा-मुठा पुण्यातून जे काही पोटात घेऊन निघते ते भीमेत आणून घालते, भीमा ते उजनीत साठवते, आणि आम्ही सोलापूरकडचे लोक ते पितो. पुणेकर ज्यात हात धुतात त्यात आम्ही आचमन करतो. पुण्याचं पाणी माझ्या अंगात जन्मापासून आहे. पुण्यात येऊन मी ते फक्त आमच्या आधी प्यायला लागलो.

खोली मिळाली नव्या पेठेत, कॉट बेसिसवर. म्हणजे भाड्यानं आपल्याला मिळते ती एक लोखंडी खाट, तिच्याखालची जमीन आणि तिच्यावरची हवा. उरलेल्या तीन खाटांवर नांदेड, धुळे आणि वाई. घरमालक काका अबोल होते. राज्य काकूंचं होतं. काकूंनी नियम सांगितले. रात्री दहानंतर कडी. हीटर, शेगडी चालणार नाही. चपला जिन्याखाली. पाहुण्यांना मुक्काम नाही. अण्णांनी सगळं मान डोलावून ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला, "पाणी कवा येतं?"

"येतं म्हणजे? असतं," काकू म्हणाल्या.

अण्णांचा विश्वास बसला नाही. आमच्याकडं नळाला पाणी येणं ही घटना असते, तिची वाट बघतात. काकूंची पाठ वळताच त्यांनी बादली, तांब्या, वॉटरबॅग, मामांच्या पिशवीतली रिकामी बाटली आणि नांदेडकराला न विचारता त्याचा मग्गा भरून ठेवला. "हाय तवर भरून घ्यावं," ते नांदेडकराला म्हणाले. तो मराठवाड्याचा. त्याला पटलं. त्यानंही आपली बादली पुढं केली.

मंडळी परतली. मी खाटेवर पडून, आता आपल्याला एकटं वाटेल म्हणून वाट बघत राहिलो.

पहिले आले ते तात्याच. पहाटे पाचला. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात त्यांचा कांदा रात्रीच उतरला होता, लिलाव व्हायला अजून अवकाश होता, आणि तेवढ्यात 'जरा पाठ टेकायला' ते आले. कडी काकूंनी काढली. तात्या त्यांना वाकून नमस्कार करून वर आले, पांढऱ्या कांद्याची एक पिशवी जिन्यात ठेवली आणि माझ्या खाटेवर आडवे झाले. मी खाली बसून 'किमतीची लवचीकता' वाचू लागलो. दुपारी त्यांनी मला आडत्याची पट्टी दाखवली. वर कांद्याची किंमत, खाली हमाली, तोलाई, मोटारभाडं, आणि सगळ्यात तळाला उरलेली रक्कम. ती मोजायला मास्तर लागत नव्हता. एम.ए.च्या दोन वर्षांत मागणी-पुरवठ्याचे जेवढे आलेख मी काढले, त्यातल्या एकावरही तोलाई नव्हती.

"कोण होते रे?" संध्याकाळी काकूंनी विचारलं.

"काका."

"बरं," काकू म्हणाल्या. त्यांच्या हातात पांढरा कांदा होता.

पुढच्या आठवड्यात भरतीची पोरं आली. पोलीस भरतीचं मैदान पहाटे असतं, म्हणून आदल्या रात्रीच यायचं आणि मैदानाजवळ झोपायचं असा रिवाज आहे. ही पोरं मैदानाजवळ न झोपता माझ्या खाटेखाली, खाटेच्या डावीकडं आणि धुळ्याच्या पोराच्या पायथ्याशी झोपली. तीन वाजता उठून, काकूंची झोपमोड नको म्हणून, त्यांनी गच्चीवर जाऊन अंग मोकळं केलं. गच्चीच्या खालीच काकूंचं डोकं होतं.

"हे कोण?"

"भाऊ."

"सगळे?"

"भावकीतले."

मग खत-बियाणाच्या कंपनीत नोकरीची चौकशी करायला आलेला एक, मुलीच्या लग्नाचा बस्ता बांधायला लक्ष्मी रस्त्यावर आलेलं एक अख्खं घर (साड्या पसंत पडेनात म्हणून मुक्काम वाढला), ऊसबिलासाठी साखर संकुलावर निघालेल्या मोर्चातले कार्यकर्ते. कार्यकर्ते फक्त मोबाइल चार्ज करायला म्हणून जिना चढले आणि त्यांनी खोलीतल्या एकुलत्या बोर्डावर साखर आयुक्तांना द्यायच्या निवेदनाची उजळणी करत सात मोबाइल आळीपाळीनं लावले. वाईच्या पोराची दुसऱ्या दिवशी परीक्षा होती. तोही ऊसवाल्यांचाच असल्यामुळं त्याला काही बोलता येईना.

सगळ्यात बहारीचा हंगाम आषाढीचा. पंढरपूर आमच्या गावाहून एसटीनं दीड-दोन तासांवर. तरी आमची म्हातारी माणसं पंढरपूरला जायचं म्हणून आधी उलट दिशेनं 200 किलोमीटर आळंदीला येतात आणि तिथून पाठीमागं चालत निघतात. यातला तर्क विचारायचा नसतो. ज्ञानोबांची पालखी भवानी पेठेत पालखी विठोबाला आणि तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला उतरते, आणि आमच्या गावची दिंडी त्या साली नव्या पेठेत काकूंकडं उतरली. सगळे नाही, फक्त ज्यांना आंघोळ करायची होती ते. सकाळी जिन्यावर खालपासून वरपर्यंत म्हाताऱ्या टॉवेल घेऊन बसलेल्या. त्यांच्यातल्या एकीनं काकूंना बघताच त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. काकू बावचळल्या. पाहुण्यांना मुक्काम नाही हा नियम त्यांना चांगला पाठ होता, पण पायावर डोकं ठेवून आंघोळीला निघालेल्या वारकरणीला तो कसा लावायचा याची तरतूद नियमात नव्हती. त्यांनी खालचा बंब पेटवला.

गणपतीत मात्र हद्द झाली. पुण्याचे देखावे रात्रभर बघायचे असतात, म्हणून रात्री झोपायला कुणी येणार नाही अशी माझी अटकळ होती. ते सगळे दिवसा झोपायला आले.

पुण्याच्या इतिहासात हा प्रकार उलटा घडलेला आहे. पूर्वी खेड्यापाड्यांतून, कोकणातून आलेली गरीब पोरं पुण्यात वार लावून जेवायची. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. कुणी झोळी घेऊन माधुकरी मागायचे. अशा शेकडो पोरांना पुण्यातल्या घरांनी पोसलं, शिकवलं. म्हणजे एक विद्यार्थी आणि त्याला वाटून घेतलेली सात घरं. माझ्याकडं विद्यार्थी तोच होता. घरं मात्र गावाकडची होती आणि ती वार लावून माझ्याकडं येत होती. मेसमध्ये पोळ्या हव्या तेवढ्या आणि भाजी एकदाच, असा कायदा. पाहुणा असला की मी वाटीतली भाजी त्याच्याकडं सरकवायचो आणि आमटीशी पोळी खायचो. ती आमटी गोड असायची. गोड आमटी पहिल्यांदा तोंडात घातल्यावर मामांनी वाटी खाली ठेवली, वाढप्याकडं बघितलं आणि हळूच मला विचारलं, "आज कुणाचं काय बारसं-बिरसं हाय का?" तेव्हापासून गावाकडून येणारा प्रत्येक जण शेंगाची चटणी, काळं तिखट, कडक भाकरी, धपाटे असं काहीतरी आणू लागला. रविवारी संध्याकाळी मेस बंद असते. पेठेतली सगळी पोरं त्या वेळी वडापावाच्या गाड्यांभोवती हिंडत असतात. आमच्या खोलीत नांदेड, धुळे, वाई आणि मी वर्तमानपत्रावर चटणीचा ढीग घालून बसायचो आणि वाईचं पोरगं दर घासाला डोळे पुसायचं. ते हुंदके गावाच्या आठवणीचे नव्हते.

ससूनचं तेवढं हसण्यावारी नेता येत नाही. 1867 पासून उभं असलेलं ते रुग्णालय आमच्याकडच्या माणसाला विद्यापीठापेक्षा जास्त ओळखीचं. बार्शीत सांगितलं 'पुण्याला न्या' की माणूस ससूनलाच येतो, आणि त्याच्यासोबत आलेल्या माणसाच्या हातात एक चिठ्ठी असते. तिच्यावर माझा नंबर. रक्त कुठं मिळतं, केसपेपर कुठल्या खिडकीवर निघतो, कुठला कागद कुणाला दाखवल्यावर पुढचा माणूस भेटतो, हे मी ज्या निगुतीनं शिकलो त्या निगुतीनं संख्याशास्त्र शिकलो असतो तर पहिल्या वर्गात आलो असतो. एकदा गावातल्या एका म्हातारबाबांना तिथं बरेच दिवस ठेवलं होतं. त्यांची म्हातारी रात्री वॉर्डाबाहेर जिन्यात झोपायची. मी मेसचा डबा घेऊन जायचो. ती निम्मा डबा खायची आणि निम्मा शेजारच्या बाईला द्यायची. ती बाई कुठली म्हणून विचारलं तर म्हणाली, "काय म्हाईत? आपल्यातलीच हाय." काकूंनी त्या दिवसांत मला डब्याबद्दल काही विचारलं नाही. फक्त डब्यासोबत एक दिवस थर्मास ठेवला आणि "परत आण" एवढं म्हणाल्या.

एव्हाना पुणं मला पाठ झालं होतं. पुण्यातल्या मित्रांना ठाऊक नसलेलं पुणं. त्यांना कुठला सिनेमा कुठं लागलाय हे माहीत असायचं. मला सेंट्रल बिल्डिंगमध्ये कुठलं खातं कुठल्या मजल्यावर, बोर्डाच्या कचेरीत जेवणाची सुट्टी किती वाजता, मार्केट यार्डातून स्वारगेटला रात्री पोत्यासकट कोण नेतं हे माहीत होतं. वर्गातली एक मुलगी एकदा म्हणाली, "तू फारच बिझी असतोस." तिला वाटलं मी कुठल्या चळवळीत आहे. मी नाही म्हटलं नाही.

वर्ष संपायच्या सुमारास काकूंनी मला खाली बोलावलं. त्यांच्यासमोर एक वही होती. मला वाटलं, झालं, आता पाहुण्यांचा हिशेब निघतो.

"तुला काका किती आहेत रे?" त्यांनी विचारलं.

"सख्खे दोन."

"मी बत्तीस धरले होते," काकू म्हणाल्या. मग वही मिटून म्हणाल्या, "ते कांदेवाले कुठले? पहाटे येतात ते."

"तात्या."

"त्यांच्याकडं ज्वारी असते का? मालदांडी? आमच्याकडं यांना साखरेचा त्रास आहे, डॉक्टर म्हणतात भाकरी खा. इथली ज्वारी म्हणजे नुसती पांढरी माती. भाकरी थापली की मोडते."

माझं पोतं अजून खाटेखालीच होतं. अण्णांचं 'आसू दे' तिथं कामी आलं. काकूंनी मूठभर ज्वारी तळहातावर घेऊन खिडकीच्या उजेडात बघितली, दोन दाणे दाताखाली फोडले आणि मला भाव विचारला. भाव मला माहीत नव्हता. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला भाव माहीत नाही याचं काकूंना फार नवल वाटलं. त्यांनी तात्यांचा नंबर मागून घेतला.

त्यानंतर त्या दोघांमध्ये जे सुरू झालं त्यात माझं काही स्थान उरलं नाही. पेठेतल्या आणखी चार घरांची ज्वारी काकूंच्या नावावर येऊ लागली. मग तूर. मग गूळ. माघात काका-काकू हुरडा खायला आमच्या गावी जाऊन आले, आणि अबोल काका शेतात आगटीपाशी बसून तीन तास बोलत होते अशी बातमी मला फोनवरून कळली. मी तेव्हा पुण्यात परीक्षेला बसलो होतो.

दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात एकदा तात्या आले. पहाटेची वेळ, ठरलेली. जिन्यात पावलं वाजली म्हणून मी सवयीनं खाटेवरून उतरून उशी झटकली. कुणी वर आलं नाही. खाली दिवाणखान्यात कपबशांचा आवाज आणि काकूंचं "अहो तात्या, आधी चहा तर घ्या" ऐकू आलं. मी कठड्यावरून डोकावलो. तात्या पंख्याखाली सोफ्यावर ऐसपैस पाय पसरून बसले होते. मला बघून म्हणाले, "तू झोप बाबा. वर लै गर्दी आसतीया तुमच्यात."